नागीण कुठे निजते?

आधी आग होते. कमरेच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात. कातडीवर काही दिसत नाही, पण सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. कुणाला वाटते मूतखडा, कुणाला वाटते लचक भरली. डावी बाजू असेल तर घरचे घाबरून ईसीजी काढायला नेतात. दोन-चार दिवसांनी त्या जागी लाली येते, लालीवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे पुंजके उठतात आणि घरातले कुणी वडीलधारे एका नजरेत निदान करते : नागीण झाली.

पाठोपाठ ठरलेला सल्ला येतो. तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, जुळले की माणूस जातो. मग काव लावणारा शोधला जातो, मंत्राने नागीण उतरवणाऱ्याचा पत्ता विचारला जातो. यात दोन-तीन दिवस सहज निघून जातात आणि औषधाच्या दृष्टीने नेमके तेच दिवस सर्वांत मोलाचे असतात.

हा पट्टा जवळून पाहण्यासारखा असतो. तो पाठीच्या कण्यापाशी सुरू होतो, बरगडीच्या वळणाने पुढे येतो आणि शरीराच्या मधल्या रेषेपाशी थांबतो. कण्यातून निघणारी संवेदनेची प्रत्येक नस शरीराच्या एकाच बाजूच्या ठरावीक पट्ट्याला पुरते. फोड त्या एका नसेच्या हद्दीत उठतात. म्हणून तोंड आणि शेपूट सहसा जुळतच नाहीत. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णाच्या अंगभर फोड पसरू शकतात आणि तेव्हा धोका खरा असतो. पण तो धोका विषाणू पसरण्याचा आहे, वेढा पूर्ण होण्याचा नाही.

हा विषाणू बाहेरून आलेला नसतो. लहानपणी कांजिण्या आल्या, अंगभर फोड उठले, खपल्या धरल्या, गळून पडल्या, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याच कांजिण्यांचा हा विषाणू. पन्नास-साठ वर्षे तो त्याच शरीरात होता. इतका काळ तो कुठे होता, तिथे कसा पोहोचला, गप्प कसा राहिला आणि एके दिवशी उठला कशाने? या प्रश्नांची जी उत्तरे आज हाती आहेत, त्यातली बरीचशी माकडांच्या एका विषाणूने दिली आहेत.

एका गावातल्या डॉक्टरची नोंदवही

कांजिण्या आणि नागीण यांचा काही संबंध आहे, अशी शंका डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आली होती. घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी लहान मुलांना कांजिण्या येतात, हे बुडापेस्टच्या फॉन बोकाई यांनी टिपले होते. पण संबंध नेमका कसा, हे सुसंगतपणे मांडले ते इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टर या छोट्या गावच्या एका फॅमिली डॉक्टरने.

एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यात आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सोळा वर्षे ठेवली. सुमारे साडेतीन हजार लोकवस्तीत 192 रुग्ण. वय वाढते तसे प्रमाण वाढते आणि गावात कांजिण्यांची साथ असो-नसो, नागीण होतच राहते, असे त्या नोंदींतून दिसले. 1965 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू शरीराबाहेर जात नाही, संवेदनेच्या नसांच्या गाठींत दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती ओसरली की नसेच्या वाटेने पुन्हा कातडीवर येतो. होप-सिम्पसन यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. रुग्ण होते, वही होती आणि चिकाटी होती. पुढे 1983 मध्ये माणसाच्या मज्जातंतूंच्या गाठींत या विषाणूचा डीएनए सापडला आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले.

ठिकाण कळले. पण तिथे काय चालते, हे कळायला मोठी अडचण होती.

गाठ उघडून पाहायची कशी?

कण्याच्या दोन्ही बाजूंना, प्रत्येक मणक्यालगत, मटकीच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते. स्पर्श, वेदना, ऊन-थंडी यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशी या गाठींत असतात. चेहऱ्याच्या संवेदनेसाठी अशीच, पण मोठी गाठ कवटीच्या तळाशी असते. जिवंत माणसाची ही गाठ तपासासाठी काढता येत नाही. जे पाहायचे ते मृत्यूनंतर. आणि मृत्यूनंतर तासातासाने पेशींतली परिस्थिती पालटते. निजलेला विषाणूही चाळवतो. त्यामुळे बरीच वर्षे संशोधकांना गाठींत जे दिसत होते, ते जिवंतपणीचे की मरणोत्तर, हा वाद मिटत नव्हता. मृत्यूनंतर काही तासांच्या आत काढलेल्या गाठी तपासल्या तेव्हा विषाणूची हालचाल आधी वाटली होती त्याहून कितीतरी कमी दिसली.

मग प्राण्यांवर प्रयोग का नाहीत? कारण माणसाच्या कांजिण्यांचा विषाणू माणसाशिवाय कुणाला धड लागत नाही. उंदीर, ससा, गिनीपिग यांच्या शरीरात तो टोचला तर फार तर प्रतिपिंडे तयार होतात. कांजिण्या येत नाहीत, पुढे नागीणही होत नाही. माकडाला टोचला तरी आजार असा होत नाही. स्टॅनफर्डच्या ॲन आर्विन यांनी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत मानवी ऊतींचे तुकडे रुजवून त्यात विषाणू वाढवला आणि त्यातून पुष्कळ शिकायला मिळाले. पण ज्या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही, त्याच्यात प्रतिकारशक्ती आणि विषाणू यांची आयुष्यभराची झटापट दिसणार कशी?

ज्याला स्वतःच्या कांजिण्या होतात, स्वतःच्या गाठींत स्वतःचा विषाणू वर्षानुवर्षे राहतो, असा प्राणी हवा होता.

लिव्हरपूलची व्हर्वेट माकडे

असा प्राणी कुणी शोधायला गेले नव्हते. तो एका साथीतून समोर आला. 1960च्या दशकाच्या मध्यावर लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत ठेवलेल्या आफ्रिकी व्हर्वेट माकडांच्या अंगावर फोड उठू लागले. ताप, मलूलपणा, न्यूमोनिया, यकृताला इजा. अनेक माकडे दगावली. 1967 मध्ये या साथीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि हर्पिस कुळातला एक नवा विषाणू नोंदला गेला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत लुइझियाना आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या माकड-संशोधन केंद्रांतही अशा साथी आल्या. प्रत्येक ठिकाणी विषाणूला वेगळे नाव पडले. कालांतराने कळले की हे सगळे एकच : वानरकुळाच्या कांजिण्यांचा विषाणू, सिमियन व्हॅरिसेला.

त्याची जनुकीय संहिता 2001 मध्ये पूर्ण वाचली गेली. माणसाच्या कांजिण्यांच्या विषाणूची संहिता 1986 मध्येच वाचून झाली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या तर नाते लपत नाही. दोन्हींची लांबी सुमारे 1 लाख 24 हजार अक्षरांची, दोन्हींत सत्तरच्या आसपास जनुके, एका टोकाशी थोडा फरक सोडला तर त्यांचा क्रमही तोच. माकड आणि माणूस यांचे पूर्वज एक. त्यांच्या अंगात वसलेले हे विषाणूही एकाच पूर्वजापासून फुटलेले.

इथे एक खबरदारीची नोंद हवी. माकडांतले सगळे हर्पिस विषाणू माणसासाठी निरुपद्रवी नसतात. मकाक जातीच्या माकडांत बी-विषाणू नावाचा हर्पिस असतो. माकडाला त्याचा फारसा त्रास नाही, पण माणसाच्या मेंदूपर्यंत गेला तर तो बहुधा जीवच घेतो. 1932 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्रेबनर हा तरुण डॉक्टर माकड चावल्यानंतर याच विषाणूने गेला. म्हणूनच मकाकांजवळ काम करणारी माणसे आजही हातमोजे आणि डोळ्यांवर कवच चढवल्याशिवाय पिंजऱ्याजवळ जात नाहीत. सिमियन व्हॅरिसेला मात्र माणसाला झाल्याची नोंद नाही. त्याचे घर माकड, आपल्या कांजिण्यांचे घर माणूस.

फोड उठण्याआधीच

सुरुवातीला व्हर्वेट माकडांच्या श्वासनलिकेत विषाणू सोडून अभ्यास झाले. आजार झाला, पण तो बरा झाल्यावरही विषाणू रक्तात आणि निरनिराळ्या अवयवांत रेंगाळत राहिला. माणसात असे होत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातल्या रवी महालिंगम आणि डॉन गिल्डन यांच्या गटाने मग मार्ग बदलला : आजारी माकडाच्या सहवासात निरोगी माकडे ठेवायची आणि शाळेत मुलांना कांजिण्या लागतात तशी लागण नैसर्गिक रीतीने होऊ द्यायची. आता विषाणू रक्तातून गेला आणि गाठींत उरला. 2009 मध्ये ओरेगनच्या माकड-संशोधन केंद्रात इल्हेम मसौदी आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांच्या फुप्फुसाच्या वाटेने लागण करून पाहिली. पुरळ आले, रक्तात विषाणू दिसला, प्रतिकारशक्ती जागी झाली, पुरळ गेले आणि विषाणू गाठींत सुप्त राहिला. कांजिण्यांचा सगळा क्रम एका प्राण्यात सलगपणे दिसू लागला.

पाठ्यपुस्तकांत तोवर असे शिकवले जाई की कातडीवर फोड आले की तिथल्या नसांच्या टोकांतून विषाणू आत शिरतो आणि नसेतून मागे सरकत गाठीपर्यंत जातो. लागण झाल्यापासून अगदी थोड्या दिवसांत माकडांच्या गाठी तपासल्या, तर पुरळ उठण्याआधीच तिथे विषाणू पोहोचलेला आढळला. म्हणजे नसेच्या वाटेखेरीज रक्ताचीही वाट आहे आणि रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, त्याची वाहने आहेत. मानेपासून माकडहाडापर्यंत सर्व पातळ्यांवरच्या गाठींत विषाणू का असतो आणि नागीण कपाळावर, छातीवर, मांडीवर कुठेही का उठते, याचे उत्तर त्यातून मिळते. मुलाच्या अंगावर पहिला फोड दिसतो तेव्हा पुढच्या नागिणीची तयारी बहुधा आत सुरू झालेली असते.

ताणाचा पुरावा

मुलीचे लग्न उरकले, घर बदलले, घरात मृत्यू झाला आणि मग नागीण झाली, असे रुग्ण सांगतात. ते खरेच असते का? 2007 मध्ये महालिंगम यांच्या गटाने लांब शेपटीच्या मकाक माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. या माकडांच्या गाठींत विषाणू आधीच सुप्त होता. चार माकडांना किरणोत्सर्ग आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देण्यात आली. अवयवरोपणाच्या रुग्णांना देतात त्याच जातीची. त्यातल्या एकाच्या अंगावर नागीण उठली आणि उरलेल्या तिघांत बाहेर काही न दिसता विषाणू जागा झाल्याच्या खुणा आढळल्या. हे अपेक्षितच होते.

तुलनेसाठी ठेवलेल्या पाचव्या माकडाने मात्र विचार करायला लावले. त्याला किरणोत्सर्ग नव्हता, औषधेही नव्हती. त्याला फक्त इतरांसारखा प्रवास घडला होता आणि एकटे ठेवले गेले होते. त्याच्याही शरीरात विषाणू जागा झाल्याच्या खुणा मिळाल्या.

एका माकडावरून नियम बांधता येत नाही. पण तीनच वर्षे आधी, 2004 मध्ये, नासाच्या अंतराळवीरांच्या लाळेत उड्डाणाच्या काळात आणि परतल्यावर कांजिण्यांच्या विषाणूचा डीएनए आढळला होता. ही निवडक, धडधाकट माणसे. अंगावर एक फोड नाही. दोन्ही निरीक्षणे शेजारी ठेवली की लक्षात येते : विषाणू फोडांविनाही अधूनमधून डोके वर काढत असावा आणि शरीर त्याला तिथल्या तिथे दाबत असावे. नागीण होते ती हे दाबणे तोकडे पडते तेव्हा.

पहारा कुणाचा?

दाबतो कोण, हेही माकडांनीच स्पष्ट केले. आपल्या रक्तात कांजिण्यांविरुद्ध प्रतिपिंडे आयुष्यभर राहतात. सत्तरीतल्या माणसाच्या रक्तातही ती भरपूर असतात आणि तरी त्याला नागीण होते. ओरेगनच्या गटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऱ्हीसस माकडांच्या वेगवेगळ्या गटांत एकेक प्रकारच्या रक्षकपेशी काढून टाकून मग लागण केली. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी काढल्या, तर आजाराच्या तीव्रतेत विशेष फरक पडला नाही. सीडी-4 जातीच्या टी-पेशी काढल्या, तेव्हा विषाणू बेसुमार वाढला आणि पुरळ अंगभर पसरले.

याच पेशी कमी झालेल्या एचआयव्हीबाधितांत नागीण लवकर आणि जोराने का होते, वयासोबत तिचे प्रमाण का चढते आणि नागिणीवरच्या लशीची कसोटी टी-पेशी किती जाग्या झाल्या यावर का लावायची, या सर्वांची संगती या निकालाने लागते.

एकसष्टावे जनुक

माकडाच्या विषाणूने माणसाच्या विषाणूबद्दल काय सांगितले, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मला हे वाटते. 2007 मध्ये अमेरिकेतल्या वेन ग्रे यांच्या गटाने सुप्त विषाणू असलेल्या माकडांच्या गाठी तपासल्या. निजलेल्या अवस्थेत विषाणूची जवळपास सगळी जनुके मुकी होती, पण 61 क्रमांकाच्या जनुकापाशी हालचाल होती. आणि ते जनुक नेहमीच्या दिशेने नव्हे, उलट्या दिशेने वाचले जात होते. हे जनुक महत्त्वाचे. त्याचे प्रथिन इतर जनुकांना चालना देते, म्हणजे विषाणू उठायचा तर हे प्रथिन लागते.

माणसाच्या विषाणूत असे काही कुणाला आढळले नव्हते. अकरा वर्षे गेली. 2018 मध्ये युरोपातल्या संशोधकांनी मृत्यूनंतर लवकर काढलेल्या मानवी गाठींतला आरएनए नव्या तंत्राने बारकाईने वाचला आणि तिथेही तेच सापडले : 61 व्या जनुकाच्या जागी, उलट्या दिशेने वाचलेला संदेश. प्रयोगशाळेतल्या पेशींत हा संदेश घातला तर तो 61 व्या जनुकाला दाबतो, असेही दिसले. विषाणू निजलेला कसा राहतो, याचा पहिला ठोस धागा आज हाच आहे. माकडात तो 2007 मध्येच दिसला होता.

माकड जे सांगू शकत नाही

या प्रारूपाच्या मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. माणसाची नागीण एका पट्ट्यात बसते. माकडात विषाणू पुन्हा उठतो तेव्हा पुरळ बरेचदा पट्ट्याची हद्द पाळत नाही. दुसरी मर्यादा अधिक जिव्हारी लागणारी. फोड सुकल्यावरही महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहणारी जळजळ हे नागिणीचे खरे दुःख. पंखा लावला तरी चटका बसतो, रात्र सरत नाही, माणूस घरच्यांवर चिडतो, मग गप्प होतो. ही वेदना माकडाला होते का, किती होते, हे त्याला विचारता येत नाही. त्या प्रश्नापुरता माणसाचा अभ्यास माणसातच करावा लागेल.

भारतातून गेलेली माकडे

या सगळ्या ज्ञानाला मोल पडले आहे. गाठी तपासायच्या म्हणजे माकडाचा जीव घ्यायचा. माकडांच्या गाठींतून निघालेल्या प्रत्येक निष्कर्षामागे मेलेली जनावरे आहेत.

आणि यात भारताचा थेट संबंध आहे. अमेरिकी प्रयोगशाळांतली पुष्कळ ऱ्हीसस माकडे ही मूळची आपल्याकडची, उत्तर भारतातली लाल तोंडाची माकडे. 1950च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी मागणी वाढली, तेव्हा दरवर्षी लाखाहून अधिक माकडे भारतातून बाहेर जात होती. त्यांचा वापर केवळ वैद्यकीय कामासाठी होईल, अशी हमी 1955 मध्ये घेण्यात आली. तीच माकडे अमेरिकी लष्कराच्या अण्वस्त्रविषयक प्रयोगांत किरणोत्सर्गासाठी वापरली गेल्याचे उघड झाले आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारने 1978 मध्ये निर्यात बंद केली. त्यानंतर अमेरिकी केंद्रांनी आपल्याकडच्या माकडांची पैदास वाढवली. आजही शोधनिबंधांत 'भारतीय वंशाचे ऱ्हीसस' अशी नोंद असते. चार-पाच दशके झाली, पिढ्या उलटल्या, तरी मूळ गाव कागदावर राहिले आहे.

मला निर्यातबंदीचा तो निर्णय योग्य वाटतो. प्रयोग आणि छळ यांत फरक आहे, तो हेतूने आणि मर्यादेने ठरतो. ज्या प्रश्नाचे उत्तर पेशींत किंवा देहदान केलेल्या माणसांत मिळू शकते, त्यासाठी माकड वापरू नये. आणि जे माकडाचा जीव देऊन कळले आहे, ते माणसांपर्यंत पोहोचवल्याविना राहू नये.

मग आपण काय करायचे?

कांजिण्यांची लस जपानच्या मिचियाकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये तयार केली. भारतातले बालरोगतज्ज्ञ ती देतात, पण सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात ती अजून नाही. उष्ण हवेच्या प्रदेशांत कांजिण्या मोठ्या वयापर्यंत लांबण्याचे प्रमाण जास्त असते आणि मोठेपणी त्या अधिक कडक येतात. म्हणून तिचा त्यात समावेश करण्याची मागणी रेटायला हवी.

नागिणीवरची शिंग्रिक्स ही लस अमेरिकेत 2017 मध्ये आणि भारतात 2023 मध्ये आली. पन्नाशीनंतर दोन मात्रा, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. तिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या आवरणातले एक प्रथिन आणि टी-पेशींना जोरदार चेतवणारे साहाय्यक द्रव्य आहे. मोठ्या चाचणीत तिने पन्नाशीपुढच्यांना नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. ती महाग आहे आणि बहुतेक घरांना परवडणारी नाही, ही खरी अडचण आहे. तिच्या किमतीचा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आहे, एकेका कुटुंबाच्या ऐपतीवर तो सोडून चालणार नाही.

आणि नागीण झालीच तर? विषाणूरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. ॲसायक्लोव्हिर ही त्यातली गोळी गावातल्या औषधांच्या दुकानातही मिळते आणि फार महाग नाही. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. कपाळावर फोड असतील, आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर एखादा दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण तीच नस डोळ्यालाही जाते. तरुण माणसाला नागीण झाली तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. फोडांतले पाणी सुकेपर्यंत गरोदर बाई, तान्हे बाळ आणि कांजिण्या न झालेली माणसे यांच्यापासून जपावे.

ज्यांना काव लावून धीर वाटतो, त्यांना हसण्याचे कारण नाही. औषध नव्हते तेव्हा लोकांना त्याचाच आधार होता. पण आता विषाणू कुठे निजतो, कुठल्या वाटेने तिथे जातो, कोण त्याला दाबून धरते आणि कधी तो सुटतो, एवढे आपल्याला ठाऊक आहे. सायरेनसेस्टरच्या डॉक्टरने सोळा वर्षे त्यासाठी नोंदी ठेवल्या आणि कितीएक माकडांचा त्यासाठी जीव गेला. हे माहीत असूनही आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पहिले तीन दिवस उपचाराविना काढायला लावणे हा अन्याय आहे. तो टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.